कवळीसाठी लांब शब्द

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या डोक्यावर ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे, पण या खेपेस विनंती खरोखरच विशेष असल्यामुळे मी ती पायथ्याशी ठेवली आहे. तिथपर्यंत वाचत यावं. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. (गेला असल्यास तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे मुक्कामाला आला आहे, तेव्हा त्याची काळजी नसावी.) मी बरा आहे. तुमची ताईही बरी आहे. आत्ता ती टेबलाच्या पलीकडे, खिडकीच्या उजेडात बसून उशीचा अभ्रा शिवते आहे, आणि मी पेन्शनच्या कचेरीला अर्ज लिहितो आहे अशी तिची समजूत आहे. ही समजूत मीच करून दिली आहे. त्या कचेरीला मी इतके अर्ज लिहितो की त्यातला एखादा तुमच्याकडे वळला तर कुणाच्या लक्षात येऊ नये.

अक्षर लागलं नाही तर रागावू नका. हात पूर्वीसारखा चालत नाही. एकेक शब्द ओठांत घोळवल्याशिवाय कागदावर उतरत नाही ही माझी खोडही अजून आहे. (लग्नाच्या वेळी मी सामानाची यादी करत होतो तेव्हा ‘भावजी जप करतात का?’ असं तुम्ही तुमच्या ताईला विचारलं होतंत. तेव्हा तुम्ही शाळेत होतात, म्हणून मी सोडून दिलं.)

आता कामाचं. मास्तर, मला इंग्रजी शब्द हवे आहेत. लांब हवेत, दहा अक्षरांच्या आतला एकही चालणार नाही. प्रत्येकात एफ, व्ही आणि एस या तीन अक्षरांपैकी निदान दोन असावीत. तिन्ही असली तर सोन्याहून पिवळं. अर्थ काहीही असला तरी हरकत नाही, फक्त शब्द ओळखीचा नसावा. तुम्ही उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवलात, तुमच्या घरी असे शब्द अडगळीत पडलेले असतील. म्हातारपणी भावजींना शब्दकोड्यांचा नाद लागला असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. हे शब्द मला कवळीसाठी हवे आहेत.

कवळीची हकीकत सांगायची तर दातांपासून सुरुवात करावी लागेल. वरचे पुढचे काही आणि खालचे इकडेतिकडे विखुरलेले काही, एवढ्या दातांवर माझं बरं चाललं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एक दाढ अशी बिथरली की मला दातांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला मृदू आहेत आणि त्यांचे हात बारा महिने थंड असतात. त्यांनी आरसा घालून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एखाद्या घरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं की यातलं काहीच ठेवण्यासारखं नाही. मग दोन बैठकांत त्यांनी मैदान साफ केलं. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसत नाही, म्हणून मधला काळ मी तसाच काढला. खाण्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. गाल आत गेले, ओठ आत वळले, आणि सकाळी आरशात माझे थोरले काका दिसायला लागले, ज्यांच्याशी माझं आयुष्यात कधी पटलं नाही. तेही मी सोसलं.

बोलणं मात्र गेलं. म्हणजे आवाज होता. शिंप्याला कळायचं, दूधवाल्याला कळायचं, रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्यालासुद्धा दोनदा सांगून कळायचं. एकाच माणसाला कळत नव्हतं, आणि माझ्या घरात माझ्याशिवाय तेवढं एकच माणूस आहे.

मास्तर, उभे असाल तर आता बसून घ्या. तुमच्या ताईला ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, अजिबात येत नाही. दाराची घंटा नाही, भांडं पडलेलं नाही, माझं घोरणं नाही (या बाबतीत ती स्वतःला नशीबवान समजते). आणि हे आजकालचं नाही. गिरणीतली तिची नोकरी सुटायच्या कितीतरी आधी तिचे कान गेले होते. हे कुणाला, आणि तुम्हाला तर मुळीच, बोलायचं नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलेलं आहे. ते मी मोडतो आहे असं समजू नका. वचन बोलायचं नाही असं होतं, लिहायचं नाही असं नव्हतं. मी फक्त लिहितो आहे.

तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे, मी ताईशी तासन्‌तास बोललो आहे. बोललात खरे, पण समोर बसून, उजेडाकडे तोंड करून. तुमची खुर्ची ती नेहमी खिडकीसमोरच मांडायची, आणि डोळ्यांवर ऊन येतं म्हणून तुम्ही कितीही कुरकुर केलीत तरी ती हलवू द्यायची नाही, ते कशासाठी हे आता ध्यानात येईल. विणखात्यात सगळे माग एकदम चालू असले म्हणजे घसा ताणण्यात अर्थ नसतो. तिथे माणसं ओठांनी बोलतात. एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाच्या बाईला सासूचं अख्खं गाऱ्हाणं आवाज न काढता सांगते, आणि दुसरी तिकडून तसाच सल्ला देते. मी दुरुस्ती खात्यातला. माग बंद पडला की मला बोलावणं यायचं, त्यामुळे माझे कान वाचले. पण ती भाषा मलाही शिकावी लागली. तुमच्या ताईला मी पहिलं वाक्य बोललो ते चार मागांच्या पलीकडून, ओठांनी, की तुमचा धागा तुटला आहे. तिने तसंच उलट सांगितलं की मला डोळे आहेत. आमच्या संसाराची सुरुवात ती, आणि पुढेही थोड्याफार फरकाने असंच चालत आलं आहे.

आणि रविवारचा फोन? तो फोन म्हणजे मी. तुम्ही तिकडून बोलायचात, मी कानाला लावून ऐकायचो, तुमचं वाक्य ओठांनी तिला द्यायचो, आणि फोन तिच्या तोंडापाशी धरायचो. मग ती उत्तर द्यायची. तुम्ही विनोद केलात की मी आधी हसून घ्यायचो आणि मग ती हसायची, म्हणून तुम्हाला नेहमी दोन हशे ऐकू यायचे. मधे जो वेळ जायचा तो लाइनीचा दोष आहे असं ठरवून तुम्ही टेलिफोन कंपनीला दोन तक्रारअर्ज केलेत, आणि कंपनीने माणूस पाठवून तुमची तार बदलून दिली. तार बदलल्यावर बराच फरक पडला असं तुम्ही आनंदाने कळवलंत तेव्हा मी ताईला ते सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं बाई.

हे सगळं दातांवर चाललं होतं हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. दात गेल्यावरच्या पहिल्या रविवारी तुमचा फोन आला, मी तुमचं वाक्य ऐकलं, ओठ हलवले, आणि तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पुन्हा हलवले. ती म्हणाली, “बरं.” पुढचे काही रविवार ती प्रत्येक वाक्याला ‘बरं’ म्हणत राहिली. तुम्ही पुतणीच्या नोकरीचं सांगितलंत, बरं. गुडघ्याचं सांगितलंत, बरं. शेवटी तुम्ही म्हणालात की ताईला आता माझ्याशी बोलण्यात गोडी वाटत नाही, उगाच तुम्हा दोघांचा वेळ घेत नाही, आणि फोन ठेवलात. त्यानंतर केला नाहीत. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, फक्त ठेवण्यापूर्वी आणखी थोडं लागेल असं बोललो असतो.

(पाटीवर लिहून का दाखवलं नाही, असं तुम्ही विचाराल, कारण मास्तर माणसाला पहिल्यांदा पाटीच आठवते. आणली होती. दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी तुमच्या ताईने ती पुसून कपाटामागे ठेवली. लिहिलेल्या अक्षरावरून माणूस रागाने बोलतो आहे की हसून ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. ‘भाजीत मीठ कमी आहे’ हे मी पाटीवर लिहिलं तेव्हा तिला तो सरकारी हुकूम वाटला. तोंडाने सांगितलं असतं तर ती भांडली तरी असती.)

मग पहिली कवळी आली. दिसायला देखणी होती, जरा जास्तच देखणी. डॉक्टरांनी पुढचे दात चांगले ऐसपैस बसवले होते, त्यामुळे तोंड मिटलं तरी मिटायचं नाही आणि मी सदैव प्रसन्न दिसायचो. त्याच आठवड्यात आमच्या गिरणीतले जुने मुकादम वारले. मी भेटायला गेलो, आणि शक्य तेवढा दुःखी होऊन बसलो, पण ते दुःख ओठांच्या वरच राहिलं. खाली दात हसत होते. मुकादमांचा मुलगा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं की काका, बाबांचं काही गमतीदार आठवलं का? आता नाही कसं म्हणणार. मुकादम आयुष्यात एकदाही गमतीदार वागले नव्हते. मी एक प्रसंग रचून सांगितला, आणि तो ऐकून ती माणसं इतक्या दिवसांत प्रथमच हसली म्हणे. आता दर भेटीला तो मुलगा दुसरा प्रसंग मागतो.

घरी मात्र त्या कवळीचा काही उपयोग झाला नाही. मी समोर उभा राहून सावकाश विचारलं की चहा करतेस का. तुमच्या ताईने माझं तोंड उजेडाकडे वळवलं, खालून बघितलं, बाजूने बघितलं आणि म्हणाली, “हे दुसऱ्याच कुणाचं तोंड आहे.” मग ती आत गेली, आणि मी चहा केला.

डॉक्टरांकडे तक्रार नेली तर ते चकित झाले. त्यांनी मला बोलायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, आजोबा, शब्दन्‌शब्द स्वच्छ येतो आहे, अडचण काय? तेव्हा मला त्यांना खरी गोष्ट सांगावी लागली. (डॉक्टर या वचनात धरायचे नाहीत.) त्यांनी यंत्र बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले की मी कवळी कानासाठी बनवली. ही डोळ्यांसाठी बनवायला हवी होती. हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं, पण गडी कामाला लागला. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: इंग्रजी एफ आणि व्ही म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. एस म्हणताना वरचे आणि खालचे दात जवळ येतात पण टेकत नाहीत. ही तीन अक्षरं जागेवर बसली की दातांची लांबी बरोबर आली, आणि मग मराठीसकट बाकी सगळं आपोआप जागेवर येतं. म्हणून नवी कवळी थोडी मोठीच बनवायची, तुमची ताई समोरच्या खुर्चीत बसणार, मी आवाज न काढता शब्द म्हणणार, ती तो मोठ्याने म्हणून दाखवणार, आणि जिथे ती अडेल तिथे डॉक्टर घासणार.

मराठी शब्दांवर हे जमेना. मराठीत ती माझं तोंड वाचतच नाही, मला वाचते. मी ‘पा’साठी ओठ मिटले की ती सांगते, पाणी तांब्यात आहे. इतक्या वर्षांत मी काय बोलणार हे तिला माझ्याआधी ठाऊक झालेलं आहे, आणि त्यात दातांचा काही संबंध नाही. म्हणून इंग्रजी. तिला इंग्रजी येत नाही, म्हणजे अंदाज बांधायला जागा नाही. लांब शब्द अशासाठी की आखूड शब्द नशिबाने जमून जातो, लांब शब्दात कुठेतरी पकडलं जाणारच. डॉक्टरांकडे कॉलेजातलं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं, त्यावर असे मोजके शब्द छापलेले. पहिल्या दिवशी काम छान झालं. दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधीच तुमच्या ताईने कार्ड क्रमाने म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले की पेशंटने प्रश्नपत्रिका फोडली आहे, नवीन शब्द आणा.

मास्तर, तेव्हापासून मी शब्द शोधतो आहे. माझं इंग्रजी म्हणजे यंत्रावर कोरलेलं आणि पाटीवर रंगवलेलं, तेवढंच. मी औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं की एफ, व्ही आणि एस असलेलं काही आहे का. दुकानदाराने विचारलं, कशावर? मी म्हटलं, कशावरही, फक्त नाव लांब हवं. त्याने मला दुकानाच्या आत बसवून पाणी दिलं आणि घरी कोण कोण आहे याची चौकशी केली. पण तिथेच पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर ‘एफर्व्हेसन्स’ सापडला, तिन्ही अक्षरांचा, आणि त्यातला एफ तर दोनदा. मी ती डबी घेतली. गोळ्या कशाच्या आहेत ते अजून बघितलेलं नाही. मग विम्याची कागदपत्रं काढून वाचली. विम्याचे कागद या कामाला फार चांगले आहेत. ते बहुधा एवढ्याचसाठी छापत असावेत. कार्यालयात जाऊन मी आणखी कागद मागितले, तर विमा एजंटला इतकं भरून आलं की तो घरी येऊन बसला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत शेवटचं पान वाचणारा माणूस त्याला भेटला नव्हता. वाचनालयात मोठा कोश आहे, पण तो पहिल्या अक्षरावर लावलेला, आणि मला हवी ती अक्षरं शब्दाच्या पोटात. मी पानापानावर बोट फिरवत बसलो तर ग्रंथपाल बाईंनी येऊन हळूच सांगितलं की आजोबा, कोश असा पहिल्यापासून वाचायचा नसतो, त्यात गोष्ट नसते.

असे जमवलेले शब्द घेऊन आम्ही परवा गेलो. मी गप्प, तुमची ताई मोठ्याने. ऐकू येत नसल्यामुळे मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने याचा तिला अंदाज नाही. बाहेर बाकावर माणसं आपापला गाल धरून बसलेली, आणि आतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज: डिससॅटिसफॅक्शन! थोडा वेळ घासण्याचा आवाज. पुन्हा: डिससॅटिसफॅक्शन! आम्ही बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. डॉक्टर मात्र खूश होते, कारण शेवटच्या खेपेला तिने सगळी अक्षरं बरोबर घेतली होती.

सध्या ती कवळी माझ्या तोंडात आहे. डॉक्टरांनी आठवडाभर वापरायला दिली आहे. त्यानंतर एक शेवटची परीक्षा, आणि मग ती पॉलिश होऊन पक्की होणार. पक्की झाल्यावर हात लावता येत नाही. म्हणून शेवटच्या परीक्षेला अगदी ताजे शब्द पाहिजेत, तिने कधी न पाहिलेले. माझ्याकडचे संपले. घरी मी तिच्याशी या कवळीने अजून फारसं बोललेलो नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. पुन्हा ती ‘बरं’ म्हणाली तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. मास्तर, दिवसभर बडबड करणाऱ्या बाईने समजूतदारपणे ‘बरं’ म्हणावं, याच्यासारखं घर रिकामं होत नाही.

तेव्हा शब्द लवकर पाठवावेत. बाकी क्षेम. लोभ आहे तेवढा पुरेल, शब्द मात्र वाढवावेत.

तुमचा,
भावजी

ता. क. शब्दांची निकड खरी आहे, पण पायथ्याशी ठेवलेली विनंती ती नव्हे. विनंती अशी की येत्या रविवारी फोन करा. नेहमीच्या वेळी. शब्द सापडले नाहीत तरी करा, राग गेला नसला तरी करा. तुमचा फोन बंद झाल्यापासून तुमच्या ताईने मला एकदाही कारण विचारलेलं नाही. पण रविवार आला की न्याहारीनंतर ती केस विंचरते, खुर्ची खिडकीशी ओढते आणि माझ्यासमोर बसते. ऊन सरकून जाईपर्यंत बसते. मग उठून म्हणते, शाळेच्या कामात असेल. तुम्ही निवृत्त झालात हे तिला माहीत आहे. आणि फोनवर तुम्हाला काही कळलं आहे असं अजिबात दाखवू नका. सावकाश बोलू नका, ओरडू नका, एरवीसारखी लाइनीला नावं ठेवा.

ता. क. दुसरा. तिने का लपवलं हे विचारायला तुम्ही मला स्वतंत्र पत्र लिहाल, त्यापेक्षा आत्ताच सांगून टाकतो. गिरणीच्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की विणखातं सोड, कापड घडीच्या खात्यात जा, तिथे शांत असतं, कान राहतील. तिथे पगार कमी होता. तुम्ही त्या वेळी इंग्रजीच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होतात. ती म्हणाली, एवढं वर्ष जाऊ दे. मग आणखी एक गेलं. तुम्हाला नोकरी लागल्याचं तुम्ही घरी धावत येऊन सांगितलंत तेव्हा ती तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आठवतं? आनंदाने बघते आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती वाचत होती. तुमचं इंग्रजी कशावर आलं हे तुम्हाला कधी कळू नये एवढंच तिला हवं होतं, आणि मला ते आत्तापर्यंत पटत होतं. आता त्याच इंग्रजीतले चार लांब शब्द मी तिच्यासाठी मागतो आहे, तेव्हा ते कुणाकडून मागतो आहे हे तुम्हाला माहीत असावं असं मला वाटलं. वाचून झालं की पत्र फाडून टाका.

ता. क. शेवटचा. पत्र फाडायची गरज उरली नाही. वरची ओळ लिहून मी मान वर केली तर तुमच्या ताईच्या मांडीवर अभ्रा तसाच पडलेला, सुई तशीच टोचलेली, आणि ती माझ्याकडे बघते आहे. किती वेळ ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, “बोलायचं नाही असं ठरलं होतं.” मी म्हटलं, मी लिहीत होतो. ती म्हणाली, “ओठ हलत होते.”

मास्तर, तिने सगळं पत्र वाचलं आहे. शिंप्याच्या खोकल्यापासून. मराठीत, आणि मी काय लिहिणार याचा अंदाज नसताना. मधे एका ठिकाणी मी खोडलेलं वाक्यसुद्धा तिने मला म्हणून दाखवलं. मग ती बोलायला लागली, आणि ते अजून चालू आहे. तुमच्यासाठी म्हणून तिने जे सांगितलं ते तेवढं तिच्या शब्दांत लिहितो. “त्याला लिहा, माझे कान मागांनी नेले आणि त्याची मास्तरकी त्याने मिळवली. या दोन धाग्यांची गाठ मारून रडत बसायचं नाही. रडायचंच असेल तर इथे येऊन रड, खिडकीसमोर बसून, म्हणजे मला कळेल तरी काय म्हणतोस ते.”

तेव्हा शब्द पाठवू नका. परीक्षा झाली; उद्या डॉक्टरांना सांगून हीच कवळी पक्की करून घेतो. रविवारी फोन करा, आणि तुम्हाला हवं तेवढं भरभर बोला. आणखी एक निरोप द्यायचाच असं ती माझ्या तोंडाकडे बघत बजावते आहे: त्याआधी टेलिफोन कंपनीला माफीचं पत्र लिहा. बिचाऱ्यांची तार पहिल्यापासून चांगली होती.